इर्शादकाकूंनी घेतलेली नावं

कुणीही "एक बोलायचं होतं" असं म्हणालं, की काकू हातातलं काम बाजूला ठेवायच्या, उजवा तळहात समोरच्याकडे जरासा पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "इर्शाद." शेर म्हणायला बसलेल्या शायराला 'म्हणा, आम्ही ऐकतो आहोत' असं सांगायची ही लखनवी रीत. काकू ती भाजीवाल्याला लावत, नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला लावत, आणि घरभाडं द्यायला गेलं की मलाही लावत. त्यामुळे डॉक्टर फाइल मिटून "देखिए माताजी, आपसे एक ज़रूरी बात कहनी है" असं म्हणाले, तेव्हाही तो तळहात आपोआप पुढे झाला. "इर्शाद."

कॅन्सर झालाय हे सांगताना असं आमंत्रण डॉक्टरांना आजवर कुणी दिलं नसावं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मग फाइलकडे बघत सगळं सांगून टाकलं. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. हसू आवरायचं की रडू, ते मला ठरवता येत नव्हतं. काकू मात्र शेवटपर्यंत नीट ऐकत होत्या आणि मधूनमधून मान डोलावत होत्या.

मी तिथे होते, कारण काकांनी मला बरोबर नेलं होतं. लखनऊच्या जानकीपुरममध्ये मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते आणि जवळच्या औषध संशोधन केंद्रात नोकरी करत होते. माझं काम उंदरांवर नव्या औषधांचा काय परिणाम होतो ते पाहण्याचं. 'औषधांतलं हिला कळतं' अशी काकांची भाबडी समजूत. काकू मला 'उंदीरवाली' म्हणत. पहिल्या कीमोची तारीख ठरली तेव्हा त्या मला म्हणाल्या होत्या, "तुझ्या उंदरांना सांग बाई, आजपासून मी त्यांच्यातलीच. एखादा चांगला पिंजरा पाहून ठेव म्हणा."

काकू मूळच्या नागपूरच्या. लग्न होऊन लखनऊला आल्या आणि टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागल्या. काकाही त्याच कचेरीत. नागपूरची बोली काकूंनी शेवटपर्यंत सोडली नाही, पण कानाला हेडफोन लावून वर्षानुवर्षं लोकांचे ट्रंक कॉल जोडताना लखनऊची अदब मात्र अंगात मुरली. शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या एका वयस्क आपांनी, म्हणजे मोठ्या ताईंनी, त्यांना घरगुती शेरोशायरीच्या बैठकांना न्यायला सुरुवात केली. तिथे काकू 'इर्शाद' शिकल्या, आणि आवडलेली ओळ पुन्हा ऐकायची असेल तर 'मुकर्रर' म्हणायचं, हेही शिकल्या. शेर काही त्यांना जमला नाही. "ते मीटर-बिटर आपल्याच्याने होत नाही वो," त्या म्हणत. त्यांना यायचा तो उखाणा. इथल्या मराठी घरांत लग्न निघालं, की नवऱ्या मुलीचे उखाणे काकूंकडून यायचे. कागदावर कधी लिहीत नसत. पोळ्या लाटता लाटता म्हणायच्या आणि समोरच्याने पाठ करायचे.

मला एक खोड आहे. प्रश्न पडला की तो सुटेपर्यंत मला चैन पडत नाही. डॉक्टरांकडून परत येताना असाच एक प्रश्न माझ्या मागे लागला. गाठ बरीच जुनी आहे, माताजींना ती लागली असणारच, असं डॉक्टर म्हणाले होते. काकूंनी ते नाकारलं नव्हतं. मग कुकरची शिट्टी बिघडली तरी दोन ओळी जुळवून गल्लीभर सांगणारी ही बाई एवढे महिने गप्प का बसली? मी विचारलं, तर म्हणाल्या, "भाडेकरू समजली होती तिला. वाटलं, जाईन ती आपल्या पायानं." पुन्हा एकदा विचारलं तेव्हा दुसराच विनोद केला.

घरात तर त्या आजाराचं नावच कुणी घेत नव्हतं. काका 'ते रिपोर्टातलं' म्हणायचे. नागपूरहून फोन यायचे ते 'तुझं ते कसं आहे' असं विचारायचे. आणि गुड्डी, म्हणजे काकूंची एकुलती एक मुलगी, ती काहीच म्हणायची नाही. गुड्डी अमौसीच्या विमानतळावर नोकरीला होती. दिवसभर माइकवरून विमानांच्या घोषणा करायची आणि घरी आली की गप्प. मराठी तिला सगळं समजे, उत्तर मात्र हिंदीत येई. काकूंची आईही अशाच 'छातीच्या दुखण्यानं' गेली होती. ते ऐकून डॉक्टर म्हणाले होते, की मुलीलाही एकदा दाखवून घ्या, वेळेवर कळलं तर सगळं सोपं असतं. काकूंनी त्याच संध्याकाळी विषय काढला. गुड्डी म्हणाली, "मम्मी प्लीज़, अभी नहीं," आणि उठून आत गेली. त्या दिवसापासून काकूंना स्वतःच्या कीमोपेक्षा या एका गोष्टीचा घोर लागला. स्वतःबद्दल त्या काहीही बोलत. गुड्डीचा विषय निघाला, की त्यांना विनोद सुचत नसे.

पहिल्या कीमोला मी रजा काढून गेले. एका मोठ्या खोलीत ओळीने खुर्च्यांवर बायका, प्रत्येकीच्या हाताला सलाइन, आणि सगळ्या एकमेकींकडे न बघता बसलेल्या. काकूंच्या शेजारी मलिहाबादहून आलेल्या नूर आपा होत्या. त्यांच्या घरची आंब्याची बाग होती. नर्स माहिती विचारत आली, "पति का नाम?" आपांनी ओढणी तोंडावर घेतली आणि गप्प बसल्या. नर्सनं पुन्हा विचारलं, जरा चिडूनच. आपांनी बरोबर आलेल्या नणंदेकडे बोट दाखवलं, पण ती नेमकी औषधं आणायला बाहेर गेली होती. खोलीत दोघीतिघी हसल्या. नर्सला वाटलं, बाई घाबरलीय.

काकू मात्र खुर्चीत ताठ बसल्या. "अगं उंदीरवाली, ही नवऱ्याचं नाव घेऊन नाही राहिली," त्या मला म्हणाल्या. "आपल्याकडच्यासारखंच." मग आपांकडे वळून त्यांनी हिंदीत समजावलं, की आमच्याकडेही बायका नवऱ्याचं नाव असं सरळ घेत नसत. पण आम्ही त्यावर एक तोड काढली. नाव ओळीत गुंफायचं, म्हणजे घेतलंही जातं आणि अदबही राहते. आपांना ते इतकं पटलं, की त्यांनी ओढणी बाजूला केली. दोघी बराच वेळ कुजबुजत बसल्या. आपांची सलाइन निम्मी झाली तेव्हा काकूंनी नर्सला हाक मारली आणि आपांपुढे तळहात केला. "इर्शाद."

आपांनी डोळे मिटले आणि आपल्या अवधी बोलीत आंब्याचा मोहोर, कोकीळ आणि मियाँचं नाव गुंफून म्हणाल्या:

"बगिया मा बौर आवा, कोयल बोलै डार-डार,
नाम लेइत है सबके आगे, हमरे मियाँ अनवार."

पहिल्यांदा नर्सच हसली, मग सगळी खोली. कुणीतरी कोपऱ्यातून "मुकर्रर" म्हणालं आणि आपांना ते पुन्हा म्हणावं लागलं. त्या दिवसानंतर त्या खोलीत कीमोच्या दिवशी एकेकीनं काहीतरी म्हणायचं असा पायंडाच पडला. कुणी शेर म्हणे, कुणी सोहर, म्हणजे बाळ जन्मल्यावर गातात ते गाणं, एका बाईंना काहीच येत नव्हतं तर त्यांनी शाळेतली प्रार्थना म्हटली. तिलाही दाद मिळाली.

परतीच्या गाडीत काकू डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं, औषधानं मळमळत असेल. घरी पोचलो. काका चहा करत होते, गुड्डी नुकतीच ड्युटीवरून आली होती. काकू खुर्चीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "सगळे इकडे या. नाव घ्यायचंय." काकांना वाटलं त्यांचंच. ते लाजून गॅस बारीक करायला वळले. काकूंनी चौक बाजारातल्या मिठाईपासून सुरुवात केली:

"चौकाच्या गल्लीत मलईची गिलोरी,
कॅन्सरचं नाव घेते, घरात राहून करतो चोरी."

चमचा खाली पडला तो काकांच्या हातून. गुड्डी म्हणाली, "मम्मी, ये कोई मज़ाक की बात है?" आणि जिना चढून गच्चीवर निघून गेली. काका पाठमोरेच होते. मग तसेच उभे राहून म्हणाले, "दुसरी ओळ परत म्हण." काकूंनी म्हटली. काका हसले, आणि हसता हसता रडायला लागले. मला तिथे थांबणं बरं वाटेना, पण पाय निघत नव्हता. त्या दिवसानंतर त्या घरात 'रिपोर्टातलं' हा शब्द मी ऐकला नाही. काका फोनवरसुद्धा सरळ 'हिला कॅन्सर झालाय' असं सांगू लागले.

मग नावं घेण्याचा सपाटाच सुरू झाला. केस गेले त्या आठवड्यात दाराची कडी वाजवायच्या आत आतून ऐकू आलं:

"कंगव्याला दिली सुट्टी, तेलाला दिला निरोप,
कीमोचं नाव घेते, तिनं उडवली झोप."

भेटायला येणाऱ्या बायका दारातूनच चेहरा पाडून येत. काकू त्यांना म्हणत, "रडायचं असंल तं पायरीवर रडून या वो. इथं चहा होऊन राहिला." बायका खरोखरच हसत आत येत. एकदा एक शेजारीण चांगल्या मनानं विग घेऊन आली. काकूंनी तो काकांच्या टकलावर ठेवून पाहिला आणि "यांनाच जास्त शोभून राहिला" म्हणून परत केला. पुढे काही दिवस काका आरशासमोरून जाताना थबकत, असं काकूंचं म्हणणं होतं.

माझी शंका मात्र गेली नव्हती. हे सगळं खरं, की वरवरचं? एकटी असताना ही बाई कशी असते? एका दुपारी काका बाहेर गेले होते म्हणून मी पेज घेऊन खाली गेले. काकू भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. तोंडात फोड आले होते, पाणीही गिळवत नव्हतं. मी उगीच हुशारी करत म्हटलं, "काकू, आज कुणाचं नाव?" त्या म्हणाल्या, "आज काही येत नाही. आज नुसतं दुखते." मी पेज टेबलावर ठेवली आणि त्यांच्या पायाशी बसले. मग मी न विचारता त्या आपण होऊन बोलल्या.

"तू विचारत होतीस ना, गप्प काहून बसली म्हणून. शब्द नव्हता, बाई. यांना सांगायचं तं काय म्हणून सांगायचं? मराठीत म्हणावं तं लाज वाटे. हिंदीत म्हणावं तं शिवी दिल्यासारखं वाटे. इंग्रजीत म्हणावं तं कोणा दुसरीचं आहे असं वाटे. रोज ठरवो, आज सांगीन. हे समोर जेवायला बसत आणि मी म्हणो, भाजीत मीठ बरोबर आहे ना. आईचं पण असंच झालं. छातीत दुखते, छातीत दुखते, एवढंच. सगळ्यांना वाटलं, हृदयाचं आहे." मग म्हणाल्या, "जन्मभर लोकांचे फोन जोडून दिले मी. माझाच लागला नाही."

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं, पण ते मिळाल्याचा आनंद झाला नाही. ज्या गोष्टीला नाव नाही तिच्यापुढे ही एवढी बोलकी बाई लहान मुलीसारखी गप्प बसली होती, आणि ते तिला फार महाग पडलं होतं. आता तिची मुलगी तशीच गप्प बसली होती. काकू हसत होत्या ते आजार विसरण्यासाठी नाही, हे मला तेव्हा कळलं. गुड्डीच्या कानावर ते शब्द रोज पडावेत, त्यांची तिला सवय व्हावी, म्हणून त्या हे सारं मोठ्यानं म्हणत होत्या.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जन तपासायला आले. गुड्डी खिडकीशी उभी होती, मी खुर्चीत. सर्जननी विचारलं, "कोई सवाल?" काकू म्हणाल्या, "सवाल नहीं, साहब. नाम लेना है." आणि डाव्या बाजूवर हात ठेवून त्यांनी मराठीतच म्हटलं:

"दोघी बहिणी नांदत होत्या एकाच दारी,
डाव्या स्तनाचं नाव घेते, ती निघाली माहेरी."

सर्जननी माझ्याकडे पाहिलं. मी अर्थ सांगितला. माहेर म्हणजे मायका, हेही सांगितलं. त्यांनी काकूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "विदाई ठीक से करेंगे, माताजी." गुड्डी खिडकीतून बाहेर बघत होती. तिचे कान लाल झाले होते. पण या वेळी ती खोलीबाहेर गेली नाही.

त्यानंतर चांगले दिवस आले. केस उगवले, ते कुरळे निघाले. काकू म्हणाल्या, "जाताना सरळ होते, बिघडून आले." दसहरी आंब्यांच्या दिवसांत नूर आपांकडून पेटी आली, आणि आम्ही सगळे एकदा त्यांच्या बागेत जाऊन झाडाखाली बसून आंबे खाऊन आलो. काकू सकाळच्या बुद्धवंदनेनंतर पुन्हा गल्लीत फेरी मारू लागल्या. मला वाटलं, संपलं हे सारं.

संपलं नव्हतं. दोनेक वर्षांनी पाठ दुखायला लागली, आणि तपासणीत कळलं की कॅन्सर हाडांत उतरलाय. या वेळी काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण आता उशीर आधीचाच होता. औषधं चालू राहिली, ती दुखणं कमी करण्यापुरती. काकू पलंगावरूनच घर चालवत. आता त्या फारशी नावं घेत नसत. मी गेले की विचारत, "पोट्टी काही बोलली का तुझ्याजवळ?" मी नाही म्हटलं की मान वळवत.

आणि एका सकाळी गुड्डी वर माझ्याकडे आली. युनिफॉर्म घातलेला, ओळखपत्र गळ्यात. दाराशीच म्हणाली, "दीदी, आज छुट्टी ले सकती हो? मेरे साथ चलना है." कुठे, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही या वेळी प्रश्न विचारला नाही.

दवाखान्यात खिडकीपुढे रांग होती. पुढच्या बायका काचेला तोंड लावून कुजबुजत होत्या. आमची पाळी आली. आतला माणूस वर न बघता म्हणाला, "क्या दिखाना है?" गुड्डीनं गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं. मागून कुणीतरी "जल्दी करो बहनजी" म्हणालं. मी तिचा हात धरला. मग तिनं घसा साफ केला, आणि विमानतळावर सगळ्या प्रवाशांना ऐकू जावं म्हणून ती जो आवाज लावते, त्याच आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "स्तन की जाँच करवानी है."

रांगेतली चुळबुळ थांबली. आतला माणूस गोरामोरा झाला. "मैडम, ज़रा धीरे बोलिए." गुड्डी म्हणाली, "क्यों? आपने पूछा, मैंने बताया." त्यानं मुकाट्यानं चिठ्ठी फाडून दिली. आमच्या मागे उभी असलेली एक प्रौढ बाई खिडकीशी आली आणि तिनंही सरळ तेच शब्द म्हटले, पुष्कळ हळू आवाजात, पण म्हटले.

तपासणीत काही निघालं नाही. दर वर्षी येत जा, एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या. परत येताना गुड्डी गाडीत ओठ हलवत काहीतरी पुटपुटत होती. मी विचारलं, तर म्हणाली, "दीदी, डिस्टर्ब मत करो."

त्यानंतर काकू थोडेच दिवस होत्या. त्या गेल्या त्या दुपारचं मला फारसं आठवत नाही, आणि आठवायचा प्रयत्नही मी करत नाही. मला त्या आठवतात त्या आम्ही दवाखान्यातून परत आलो तेव्हाच्या. काका उशाशी बसून त्यांना चमच्यानं पाणी देत होते. गुड्डी चपला न काढता तशीच पलंगापाशी जाऊन उभी राहिली. "मम्मी," ती म्हणाली, "एक बात कहनी है."

काकूंनी डोळे उघडले. हात उचलणं त्यांना जड जात होतं. तरी तळहात चादरीवरून हळूहळू सरकत गुड्डीकडे पुढे झाला. "इर्शाद."

गुड्डी शाळेतल्या मुलीसारखी हात मागे बांधून उभी राहिली आणि मराठीत म्हणाली:

"अमौसीला उतरते दिल्लीचं विमान,
माझ्या दोन्ही स्तनांचं नाव घेते, डॉक्टरला दाखवून आले."

काकांनी चमचा वाटीत ठेवला. काकूंच्या डोळ्यांतून पाणी उशीवर येत होतं, आणि इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "मुकर्रर."

गुड्डीनं पुन्हा म्हटलं.

"यमक नाही जुळलं, पोट्टे," काकू म्हणाल्या. "नाव मात्र बरोबर घेतलंस."